डिस्पोजेबल वेप बंद पडतो तेव्हा आत काय झालेलं असतं

मालवणच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आषाढात माझ्याकडे दोनच तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक, पाण्यात पडलेला फोन घेऊन. दुसरं, चार्जिंगचं तोंड हिरवं पडलेला फोन घेऊन. होड्या वर ओढलेल्या, पर्यटक तुरळक, त्यामुळे गप्पांना वेळ भरपूर. अशाच एका दुपारी शेजारच्या काकींचा नातू आला. पंचविशीतला, पुण्याला नोकरी करणारा, चार दिवस सुट्टीवर आलेला. खिशातून जाड मार्कर पेनाएवढी एक पिवळी नळी काढून काउंटरवर ठेवली. वर आंब्याचं चित्र. डिस्पोजेबल वेप, म्हणजे वापरून फेकायची, बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट. आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ह्या जरा बघशात? कालपासून बंद पडला हा."

"खय गावला तुका ह्या?"

"मित्रान दिल्यान. आजयेक सांगू नकात हां."

मोबाईलवाल्याकडे बॅटरीवर चालणारी कुठलीही वस्तू येते. ट्रिमर, खेळण्यातली गाडी, डास मारायची रॅकेट, आणि आता हे. इंटरनेटवर याचे उपाय शोधले की "फुंकर मारा", "टेबलावर आपटा", "वायर कापून चार्ज करा" असले सल्ले मिळतात. त्यातले काही निरुपयोगी आहेत, एकदोन चक्क आग लावणारे. म्हणून आत नेमकं काय असतं आणि ते का थांबतं, हे एकदा नीट सांगतो.

आधी कायद्याचं उरकतो. भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने बंदी आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळं बंद, ऑनलाइनसुद्धा. विक्रीबिक्रीत पहिल्यांदा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्या ड्रॉवरमध्ये गिऱ्हाइकाचा एक वेप सापडला तर तो साठा की दुरुस्तीला आलेला माल, हे कुणाला समजावत बसायची माझी इच्छा नाही. त्यामुळे मी तो रात्रभर ठेवून घेत नाही.

याचा दुरुस्तीशी काय संबंध? बराच आहे. इथे मिळणारा प्रत्येक वेप मागच्या दाराने आलेला असतो. वॉरंटी नाही, सर्व्हिस सेंटर नाही, सुटे भाग नाहीत. खोक्यावर "५ टक्के निकोटीन" छापलंय म्हणून आत तेवढंच आहे, हे कुणी तपासलेलं नाही. खोकंसुद्धा खऱ्या कंपनीचं आहे की कुठल्या गाळ्यात छापलेलं, तेही सांगता येत नाही.

त्याला म्हटलं, माझ्यासमोर एकदा ओढून दाखव. त्याने ओढलं. खालचा दिवा तीनदा लुकलुकला आणि विझला. धूर नाही.

"चव कशी लागत होती शेवटी?"

"जळकी. फडक्याक इस्त्री लागल्यासारखी."

"तरी ओढत रवलंस?"

तो हसला. अर्धं निदान तिथेच झालं होतं.

नळीच्या पोटात

हातमोजे घातले, पत्र्याच्या ट्रेमध्ये पुळणीची वाळू पसरली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने नळीचं बूड उचकटलं. माझं रोजचं काम बॅटऱ्या उघडण्याचंच आहे. तुम्ही हे घरी करू नका. का, ते पुढे येईल.

आतून निघालं ते असं. वरच्या बाजूला रबरी बुचांमध्ये अडकवलेला कापसासारखा लांबट बोळा, लिक्विडने चिंब. त्याच्या मधोमध एक बारीक पोकळ नळी, धूर वर यायची वाट. त्या नळीच्या पोटात नखाएवढी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आणि तिच्याभोवती कापसाची वात. खाली करंगळीच्या दोन पेरांएवढा निळ्या कागदातला सेल. आणि अगदी तळाशी शर्टाच्या बटणाएवढी एक चकती. ही मी लगेच ओळखली, कारण तशीच चकती साध्या फोनच्या माईकमध्ये असते.

खरं म्हणजे तो जवळपास माईकच असतो. आत एक पातळ पडदा. तुम्ही ओढलं की हवेचा दाब किंचित कमी होतो, पडदा हलतो, शेजारची चिप ते ओळखते आणि सेलची वीज कॉइलला जोडते. म्हणून या वस्तूला बटण नसतं. ओढायचं थांबलं की वीज तुटते. आणि कुणी ओढतच राहिलं तरी बहुतेक चिपा आठ-दहा सेकंदांनी स्वतःहून तोडतात. आपलं नवं खेळणं बिघडलं असं वाटून लोक घाबरतात, तो कधी कधी एवढाच प्रकार असतो.

आता कॉइल. सेल साधारण ३.७ व्होल्टचा, कॉइल एक-सव्वा ओहमची. भागाकार केला तर तीन अँपिअर वीज वाहते आणि अकरा-बारा वॉट उष्णता तयार होते. घरातल्या एलईडी बल्बाएवढीच वीज, पण ती नखाएवढ्या तारेत. तार क्षणात तापते, वातीतलं लिक्विड उकळतं आणि वाफ वर येते. लोक त्याला धूर म्हणतात. जळलं नसेल तर ती वाफ असते. लिक्विड म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वास. हा आंब्याचा वास देवगड हापूसचा म्हणायचा असेल तर देवगडवाले भांडायला येतील. तो शाळेबाहेरच्या आंबागोळीचा होता.

वात, म्हणजे बहुतेक वेळा इथेच

देवापुढचं निरांजन आठवा. तेल असेपर्यंत वात जळत नाही, तेल जळतं. तेल वातीतून वर चढत राहतं आणि वातीला थंडही ठेवतं. तेल संपलं की वात काळी पडते, ठिणगी टाकते, घरभर वास सुटतो. वेपमध्ये हेच होतं. फरक एवढाच की निरांजनात तेल दिसतं, इथे दिसत नाही.

आता गंमत बघा. या पोराच्या बोळ्यात लिक्विड भरपूर होतं, हाताला चिकटत होतं. तरी कॉइलजवळची वात कोळशासारखी काळी. कारण ग्लिसरीन काकवीसारखं जाड असतं, वातीत सावकाश झिरपतं. एक झुरका झाला की वात पुन्हा भिजायला थोडा वेळ लागतो. हा दोस्तांबरोबर बसून एकामागून एक ओढत होता. वात भिजायच्या आधीच कॉइल पुन्हा तापायची. आधी कापूस करपला, करपलेला कापूस लिक्विड ओढेना, मग तार कोरडीच लाल होऊ लागली आणि शेवटी तुटली. मीटर लावला तर कॉइलच्या दोन टोकांत काही जोडच नाही. तीनदा लुकलुकणारा दिवा तेच सांगत होता: वीज आहे, पण ती जायला वाट नाही.

जळकी चव आली की ओढणं थांबवायचं, एवढं तरी कळायला हवं. करपलेला कापूस पुन्हा पांढरा होत नाही. थोडं थांबून परत ओढलं तर चव जरा बरी वाटते, कारण वरून ताजं लिक्विड येतं, पण त्याखाली जळकं असतंच आणि तेच छातीत जातं.

वातीचा दुसरा प्रकार उलटा. गुडगुड आवाज येतो, तोंडात कडू थेंब येतात, वाफ कमी. म्हणजे लिक्विड जास्त झालं, कॉइल बुडली. हे घाटात हमखास होतं. कोकणातून वर जाताना गाडीत चिप्सचं पाकीट फुगतं ना, तसंच इथे. मालवण समुद्रसपाटीला, आंबोली सुमारे ७०० मीटर उंच. तेवढ्या चढणीत हवेचा दाब आठेक टक्क्यांनी उतरतो. बोळ्याच्या आसपास अडकलेली हवा फुगते आणि लिक्विडला मधल्या नळीत ढकलते. तिथून ते खाली, थेट त्या माईकच्या चकतीवर.

पडदा ओला झाला की

माझ्या मते वेप बंद पडण्यात सगळ्यात फसवी गोष्ट ही चकतीच. तिच्या पडद्यावर लिक्विडचा थेंब बसला की दोनपैकी एक होतं. पडदा हलत नाही. मग तुम्ही कितीही ओढा, दिवाच लागत नाही, वस्तू मेल्यासारखी. किंवा पडदा ओढलेल्या अवस्थेत चिकटतो. मग कुणी हात न लावता दिवा लागतो, नळी आपोआप तापते. पहिला प्रकार त्रासाचा, दुसरा धोक्याचा. खिशात किंवा गादीवर ठेवलेला वेप स्वतःहून गरम होत असेल तर विचार करत बसू नका. अंगणात, फरशीवर किंवा वाळूत नेऊन ठेवा आणि लांब व्हा.

लोक फुंकर मारतात ती याचसाठी, पण वरून मारलेली फुंकर लिक्विडला नेमकी चकतीकडे ढकलते. आपटण्यानेही तेच. कधी कधी रात्रभर उभा ठेवल्यावर सकाळी चालू होतो आणि लोकांना वाटतं चमत्कार झाला. थेंब सरकलेला असतो, दुसरं काही नाही.

आणि आपली हवा. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे काही तुम्हाला सांगायला नको. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही मिठासारखीच हवेतला ओलावा ओढतात. त्यात खारा वारा. चार्जिंगच्या तोंडातल्या पितळी पिना पंधरा दिवसांत हिरव्या होतात. फोनच्या होतात, तशाच याच्याही. पुण्यात महिनाभर चालणारी वस्तू इथे आठवड्यात का रुसते, त्याचं निम्मं उत्तर या हवेत आहे.

तारकर्लीला एकाचा वेप समुद्रात पडला, मग त्याने तो तांदळाच्या डब्यात ठेवला, अशी गोष्ट मी ऐकली. फोनसाठीसुद्धा तांदूळ काही करत नाहीत. पाणी वाळतं, मीठ आतच राहतं आणि तांबं खातं. पण वेपच्या बाबतीत ते नुसतं निरुपयोगी नाही. बुडातून निकोटीनचं लिक्विड पाझरतं. ते जेवणाच्या तांदळात?

सेलचं

ओढताना दिवा बऱ्याचदा लुकलुकतो, वाफ मिळमिळीत येते: सेल उतरला. किती वेळा लुकलुकलं म्हणजे काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे, त्यामुळे इंटरनेटवरचे तक्ते डोळे झाकून मानू नका. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, तीनच्या आसपास आला की चिप तोडते. थकलेला सेल आणखी फसवतो. नुसता मीटर लावला तर ३.६ दाखवतो, पण तीन अँपिअर मागितले की लगेच खाली बसतो. टाकीत पाणी आहे, पण खालच्या घरात कुणी नळ सोडला की आपली धार बारीक होते, तसं.

चार्जिंगचं तोंड असेल आणि चार्ज होत नसेल तर आधी केबल बदलून बघा, आणि हा माझा आवडता मुद्दा आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर आधी समोर कोणी आहे का ते तपासतो. उत्तर द्यायला यंत्राच्या आत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात. पैसे वाचवायला स्वस्त वस्तूंमध्ये तेच गाळतात. मग चार्जर वीज सोडतच नाही आणि लोक म्हणतात, "नवीन फास्ट चार्जरान मारल्यान." जुन्या चपट्या, चौकोनी तोंडाच्या चार्जरला आणि ए-टू-सी केबलला (एका टोकाला ते चपटं तोंड, दुसऱ्याला टाइप-सी) ही चौकशी नसते, त्यावर तीच वस्तू निमूट चार्ज होते. ट्रिमर, टॉर्च, ब्लूटूथ स्पीकर, सगळ्यांना हे लागू आहे. माझ्याकडे "बिघडलेले" म्हणून आलेले किती स्पीकर मी नुसती केबल बदलून परत दिलेत.

तोंड नसेल तर मात्र तो सेल पुन्हा भरायचाच नाही. वायर कापून थेट पाच व्होल्टला जोडायचा तो व्हिडिओवाला उपाय म्हणजे आगीला आमंत्रण. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला थांबवावा लागतो, आणि थांबवणारी चिप त्या नळीत बसवलेलीच नसते. भरत राहिला की फुगतो, आतले पातळ थर एकमेकांना टेकतात, मग जी उष्णता सुरू होते ती आपलं आपण वाढत जाते. उघडताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक सेलच्या कडेला घासलं तरी हेच. धूर विषारी असतो, म्हणून वाकून बघायचं नाही. घरी उघडू नका म्हटलं ते याचसाठी. मी पट्टी प्लॅस्टिकची घेतली आणि वाळू मांडली तीही याचसाठी. आणि पुळणीवर उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर फोनसुद्धा ठेवू नये.

थोडक्यात, न उघडता करता येण्यासारखं फार थोडं आहे. ओढायच्या तोंडाची कड कोरड्या कपड्याने पुसणं, दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवणं, हलक्या दमाने ओढून बघणं, केबल बदलणं. एवढ्याने चालू झाला नाही तर तो गेला. ती वस्तू तशीच बनवलेली असते. कॉइल काढता येत नाही, वात बदलता येत नाही, कारण तुम्ही दुसरा घ्यावा हेच कंपनीला हवं असतं. दुरुस्तीवाला म्हणून मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. आत पाचशे मिलीअँपिअर-अवरचा धडधाकट सेल, शेकडो वेळा भरता येईल असा, आणि तो एका करपलेल्या वातीपायी कचऱ्यात. असे दहा फेकले म्हणजे एका मोबाईलची बॅटरी फेकली. ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपची विक्रीच बंद केली, त्यात कचरा हे एक मोठं कारण होतं.

लिक्विडबद्दल एवढंच. पाच टक्के म्हणजे एका मिलीलीटरमध्ये पन्नास मिलीग्रॅम निकोटीन. बंद पडलेल्या वेपच्या बोळ्यातही ते असतं. कातडीतून जातं, आणि लहान पोराने चोखलं तर उलटी, घाम, चक्कर. तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि मागच्या दाराने आलेल्या लिक्विडवर विश्वास किती ठेवायचा? अमेरिकेत २०१९ मध्ये वेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या आजाराची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात गेले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशय ठरला तो गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर, आणि तो माल बहुतेक असाच ओळखीतून, हातोहात आलेला होता. पोराला मी उपदेश केला नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायचा सरकारी मोफत नंबर तेवढा एका बिलाच्या पाठीवर लिहून दिला. त्याने तो खिशात ठेवला. पुढचं त्याचं त्याला माहीत.

सेल बाजूला काढून मीटर लावला. ३.८ व्होल्ट. पोराचे डोळे चमकले.

"म्हणजे सेल बरो आसा? माझ्या टॉर्चीत बसात?"

नाही म्हटलं. टॉर्चमध्ये कोणती चिप आहे, ती याला कुठे थांबवेल, काही ठाऊक नाही. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. त्यात वाळू आहे आणि फोनच्या फुगलेल्या बॅटऱ्या. डबा भरला की कोल्हापूरहून माल घेऊन येणाऱ्या गाडीबरोबर ई-कचरा घेणाऱ्याकडे जातो. तुमच्या गावात असं काही नसेल तर निदान घंटागाडीत आणि चुलीत टाकू नका. गाडीत तो दाबला जातो आणि पेट घेतो. चुलीचं सांगायलाच नको. टोकं किंवा चार्जिंगचं तोंड चिकटपट्टीने बंद करा, वाळूच्या डब्यात ठेवा, आणि शहरात जाल तेव्हा मोबाईलच्या मोठ्या दुकानात जुन्या बॅटऱ्या घेतात का विचारा.

चिंब बोळा मी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला, ट्रे साबणाने धुतला, हातमोजे फेकले. तरी दुकानभर तो गोड वास राहिलाच. बाहेर पाऊस, दार अर्धं लोटलेलं, वास जाणार कुठे. पोरगा निघायच्या तयारीत होता तेवढ्यात त्याची आजी छत्री झटकत रिचार्ज मारायला आत आली. दारातच थांबली, नाक वर केलं आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली,

"आषाढात आंबो खयसून इलो रे?"